मोहाच्या बाटलीवर कोणाचं नाव?

स्पेनच्या रिओहा भागातल्या एखाद्या लहान बागायतदाराची लाल वाइन घ्यायची झाली, तर जाणकार माणूस आधी बाटलीची मागची बाजू बघतो. तिथल्या शिक्क्यावर 'क्रियान्सा' असेल, तर ती वाइन किमान दोन वर्षं मुरलेली असते आणि त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात गेलेलं असतं. 'रेसेर्वा'ला तीन वर्षं लागतात, 'ग्रान रेसेर्वा'ला पाच. लाकडातून अगदी थोडी हवा आत जात राहते, तुरटपणा मऊ होतो, आणि पिंप अमेरिकन ओकचं असेल तर व्हॅनिलाचा वास उतरतो. रिओहा या नावाला १९२५ पासून संरक्षण आहे. बाहेरच्या कोणाला ते लावता येत नाही. म्हणून थोडीशीच बाग असलेल्या शेतकऱ्याची बाटलीसुद्धा चार पैसे जास्त देऊन घ्यावी असं लोकांना वाटतं.

हे मी चंद्रपुरात बसून लिहीत आहे. या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत कुठलीच बाटली कायद्याने विकता येत नव्हती. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदी आहे, ती आजही आहे. इथे द्राक्षं नाहीत, ओक नाही. मोह आहे. आणि मोहाच्या दारूला रिओहासारखं नाव मिळावं का, हा वाद आता इथल्या घरांत होऊ लागला आहे. खाली जी दोन माणसं बोलतात ती मी कल्पिलेली आहेत, पण त्यांचं एकेक म्हणणं मी इथल्याच ओसऱ्यांवर ऐकलेलं आहे. आत्या मूल तालुक्यातली निवृत्त शिक्षिका, दारूबंदीसाठी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेलेल्या हजारो बायकांतली एक. भाचा नाशिकजवळ दिंडोरीला एका वायनरीच्या तळघरात काम करतो. टेम्प्रानिलो हे रिओहाचं मुख्य द्राक्ष, ते नाशिककडेही लागलं आहे, आणि त्याच्या वाइनची पिंपं सांभाळणं हे भाच्याचं काम. गावी परतून मोहाची भट्टी टाकायचं त्याच्या मनात आहे. परवान्याची, तपासणीची, उजळ माथ्याने चालणारी भट्टी.

आत्या: तू नाशिकले राहून दारूलेच शिक्षण म्हणायला लागला का गा?

भाचा: मी शिकलो ते सांगतो, मग तू बोल. आमच्याकडे पिंपावर तारीख असते, कुठल्या शेतातली द्राक्षं ते लिहिलेलं असतं. बाटली घेणारा ते वाचतो आणि पैसे मोजतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणीसुद्धा गावातच गाळली जायची, तिलाही हलकी दारू म्हणायचे. आज गोवा तिला आपला वारसा म्हणतो. आपल्या मोहाने असं काय पाप केलं?

आत्या: मोहाने नाही केलं. मोहाच्या झाडाला मी हात जोडते. आमच्या शाळेतल्या गोंड लेकरांच्या घरी पाहिलंय, जन्म असो, लग्न असो, मरण असो, देवापुढे मोहाचे थेंब वाहिल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. मी त्या थेंबांवर बोलत नाही. मी पगाराच्या दिवशी बोलते. बल्लारपूर, घुग्घुस, राजुऱ्याच्या कोळसा खाणींकडे पगार झाला की घरी किती पोचायचा, हे त्या घरातल्या बाईला विचार. आम्ही चिमूरहून निघालो तेव्हा कोणी देवाच्या थेंबांवर चिडून निघालं नव्हतं.

भाचा: आणि बंदी आल्यावर काय झालं? दारू थांबली?

आत्या: कमी झाली. थांबली नाही.

भाचा: सीमेपलीकडून आली, आत लपून गाळली गेली. आणि लपून गाळणाऱ्याला घाई असते. मग नवसागर पडतो, काळा गूळ पडतो, कुठे युरिया. पूर्वी गावातली म्हातारी निव्वळ फुलांची गाळायची, तिची दारू निदान मोहाची तरी असायची.

इथे मला मध्ये बोलायचं आहे, कारण बंदीवर वाद घालणारे बहुतेक लोक फुलाकडे बघतच नाहीत, आणि माझ्या मते सगळं तिथेच सुरू होतं. मार्च-एप्रिलात मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. टपोरं, पिवळसर, रसाने भरलेलं. उन्हं चढायच्या आत ते वेचलं नाही तर चिरडतं, गुरं खातात, अस्वल येऊन जातं. म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून जागा साफ करतात, आणि या आगींतूनच कधी रान पेटतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, तळोधीच्या जंगलात याच दिवसांत वाघ माणसावर येतो, कारण वाकून वेचणारी बाई त्याला माणूस वाटत नाही. घरी आणलेलं फूल अंगणात वाळतं, तपकिरी होतं, मनुक्यासारखं आकसतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. त्याचे लाडू होतात, ते भाकरीत जातं, उकडून नुसतं खाल्लं जातं. दुष्काळात या फुलावर गावं तगली आहेत. दारू हा त्याचा एक उपयोग.

आणि सरकारांनी या फुलाकडे कायम दारूच्याच नजरेने पाहिलं. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये इंग्रजांनी मोहाच्या फुलावर स्वतंत्र कायदा केला, तो ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींनी घरी दारू गाळून अबकारीचं उत्पन्न बुडवू नये म्हणून. आपला चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे भट्टीचा ठेका लिलावाने जायचा आणि ठेकेदार गावात दुकान मांडायचा. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि फूल बाळगणं, नेणं, विकणं यावर परवान्याची बंधनं राहिली. २०२१ मध्ये राज्याने ती उठवली. सव्वाशे वर्षं अन्नाला गुन्ह्याचा पुरावा मानलं गेलं, आणि याचं दुःख मला भट्टीच्या प्रश्नापेक्षा मोठं वाटतं.

भाचा: मी तेच म्हणतो ना. कायद्याने गोंड बाईला गुन्हेगार केलं, आणि त्याच महाराष्ट्रात डहाणूच्या कंपनीने २०२४ मध्ये मोहाची दारू देखण्या बाटलीत घालून महागड्या दुकानांत ठेवली. गोव्याच्या एका उद्योजकाने २०१८ मध्येच मोहाची बाटली काढली होती. मुंबईचा माणूस ती विकत घेतो, वास घेतो, वाहवा करतो. गडचिरोलीची बाई आंबवलेल्या फुलांच्या सडव्यासकट पकडली जाते. फूल तेच आहे, आत्या.

आत्या: फूल तेच आहे, हे खरं आहे. आणि हे मला टोचतं, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त. आम्ही गावागावांत सडवे ओतले. ज्यांचे ओतले त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्यांना दुसरं काय काम देणार, असं आम्ही सरकारला विचारलं होतं, मोर्चात विचारलं, पालकमंत्र्यांच्या समितीपुढे विचारलं. दारू बंद करण्याचा आदेश आला, कामाचा नाही आला.

भाचा: मग आता मी काम आणतोय.

आत्या: थांब. हिशेब करू. एका बाटलीला फूल किती लागतं?

भाचा: साडेसातशे मिलिलिटरची बाटली, बेचाळीस टक्क्यांची धरली तर कोरडं फूल किलो-दीड किलो. भट्टी किती चांगली चालते त्यावर.

आत्या: आणि फुलाचा सरकारी भाव?

भाचा: केंद्राने २०२० मध्ये किलोला १७ वरून ३० रुपये केला.

आत्या: म्हणजे बाटलीत फूल तीस ते पंचेचाळीस रुपयांचं. तू बाटली दोन हजारांना विकलीस तर वाघाच्या रानात वाकलेल्या बाईचे त्यात पंचेचाळीस रुपये. उरलेले कोणाचे?

भाचा: काच, कर, परवाना, तांब्याचं भांडं, दुकानदार...

आत्या: आणि तू.

भाचा: आणि मी. हो.

या हिशेबात भाच्याची बाजू लंगडी पडते, आणि ती पडली पाहिजे असं मला वाटतं. पण तो लगेच हार मानत नाही, कारण त्याच्याकडे कारागिराचं ज्ञान आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे. हा अभिमान मला आवडतो.

भाचा: तुला एक सांगतो, ते हिशेबात दिसत नाही. गावात पहिल्या धारेची मागतात, कारण ती चढते. पण भट्टीतून सगळ्यात आधी जे येतं त्यात हलके, घातक पदार्थ असतात. शिकलेला गाळणारा तो पहिला भाग फेकून देतो, शेवटचा आंबट भागही वेगळा काढतो, मधलाच ठेवतो. मग प्रयोगशाळेत तपासतो. मोहाचा स्वतःचा वास असतो, फुलाचा, थोडा धुराचा, वाळल्या मनुक्याचा. धुराचा आपल्याकडे जास्त येतो कारण माती आणि लाकूड. नीट गाळलं तर तो मागे सरतो आणि फूल पुढे येतं. मला हे करून दाखवायचं आहे.

आत्या: त्याले पिंपात मुरवणार का?

भाचा: नाही. तिथे मी नाशिक विसरलो. आमच्याकडे टेम्प्रानिलो ओकमध्ये जाते कारण तिच्यात तुरटपणा आहे, तिला वेळ लागतो. मोहाला ओक घातला तर लाकूडच बोलेल. आणि आपला साग पिंपाला चालत नाही, तेलकट असतो. पोलादाच्या टाकीत काही महिने शांत ठेवायचं, बस.

आत्या: आलापल्लीचा साग संसदेत गेला, अयोध्येच्या मंदिरात गेला. त्या रानात राहणाऱ्या माणसाच्या घराला दार कशाचं आहे, ते बघून ये. बांबू इतकी वर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. आपल्या रानातली वस्तू नावाजली की ती रानातल्या माणसाच्या हातून जाते, असाच अनुभव आहे. तू मोहाला नाव मिळवून देशील. मग ठेकेदार येईल. त्याच्याकडे तुझ्यापेक्षा मोठं भांडं असेल.

भाचा: मेंढा-लेखाचा बांबू गेला का कोणाच्या हातून?

हा प्रश्न योग्य जागी लागला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीचं परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वनखात्याकडे न जाता गावाने स्वतः बांबू विकला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव २०१२ मध्ये त्याच वाटेने गेलं. तेंदूपत्त्याचे लिलाव अनेक ग्रामसभा आता स्वतः करतात. माल विकायचा कसा, दर पाडणारा व्यापारी ओळखायचा कसा, मजुरीचा हिशेब सभेत मांडायचा कसा, हे इथली गावं शिकली आहेत. भाच्याचा सगळा भरवसा यावर आहे.

भाचा: भट्टी माझी नको. ग्रामसभेची असू दे, बायकांच्या गटाची असू दे. मी पगारावर गाळणारा. मध्य प्रदेशात २०२१ नंतर वारसा मद्य म्हणून हेच केलं, अलीराजपूर आणि तिकडच्या डिंडोरीत आदिवासींच्या बचत गटांना परवाने दिले. छत्तीसगडात आदिवासींना घरच्यापुरती गाळायला मुभा आहे. गडचिरोलीतल्या कोरचीचा माणूस सीमा ओलांडतो आणि एका पावलात गुन्हेगाराचा नागरिक होतो, हे तुला पटतं?

आत्या: मेंढ्याचं तू अर्धंच सांगितलंस. त्या गावाने जंगल हाती घेण्याआधी गावातली दारू बंद केली. बायकांनी लावून धरलं, मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, एकाचाही विरोध उरला नाही तेव्हा ठरलं. आधी गाव शुद्धीवर आलं, म्हणून बांबूचे पैसे गावात राहिले. तू उलट्या बाजूने निघालास. आधी भट्टी, मग गाव.

भाचा: आत्या, जगात सगळीकडे लोक पितात.

आत्या: पितात. आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, थोडीसुद्धा. कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत ती आहे. स्पेनच्या शेतकऱ्याची असली तरी. तू नाशिकला प्रामाणिकपणे काम करतोस, मी तुला वाईट म्हणत नाही. पण नाशिकच्या माणसाजवळ दवाखाना आहे, पगार आहे, दुसऱ्या दिवशी सुटी आहे. भामरागडच्या माणसाजवळ पावसात रस्ता नसतो. तिथल्या दारूची किंमत वेगळी असते. डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे गावोगाव फिरून मांडलं, बायकांनी ते उचललं, म्हणून ९३ ची बंदी आली. नंतर २०१६ पासून 'मुक्तिपथ' या दारूमुक्ती मोहिमेचं काम सुरू झालं, गावसंघटना झाल्या. त्या बायांनी उन्हात उभं राहून मिळवलेलं आहे हे. ते मी तुझ्या बाटलीसाठी सोडायचं?

बराच वेळ भाचा गप्प राहिला असता, असं मला वाटतं. मीही इथे गप्प राहतो, कारण या प्रश्नाला हिशेबाने उत्तर नाही. फक्त एक नोंदवतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या द्राक्षांना भाव मिळेल असं कारण दिलं गेलं. नाशिकच्या शेतकऱ्याच्या फळाचा विचार सरकार करतं. मोह वेचणाऱ्या बाईच्या फुलाचा विचार त्याच आस्थेने व्हावा, ही मागणी आत्याचीही आहे आणि भाच्याचीही. दोघं इथे एकाच बाजूला उभे आहेत आणि वादाच्या भरात त्यांना ते दिसत नाही.

भाचा: बरं. बाटली बाजूला ठेव. मला सांग, बाई एप्रिलात फूल का विकते?

आत्या: कारण तिला एप्रिलातच पैसे लागतात. आणि ठेवायला जागा नाही. पावसाळ्यात फुलाला ओल धरते, बुरशी येते. कुरखेड्याकडे तर घरात मोह साठवला की वासाने हत्ती भिंत पाडतो, २०२१ पासून कळप आलाय ना तिकडे. म्हणून पडेल त्या भावाला व्यापाऱ्याला द्यायचं. तोच व्यापारी पावसाळ्यात चढ्या भावाने विकतो, कधी तिलाच विकतो.

भाचा: म्हणजे आधी गोदाम.

आत्या: आधी गोदाम. गावाबाहेर, पक्कं, कोरडं. झाडाखाली जाळी बांधायची, म्हणजे फूल जाळीत पडेल, माती लागणार नाही, रान जाळावं लागणार नाही, आणि बाई अंधारात वाकून बसणार नाही. स्वच्छ फुलाला खाण्याचा भाव मिळतो. लाडू कर, शिरा कर, मनुक्यासारखं पाकिटात भर. तुझं ते वास ओळखणारं नाक तिथे लाव.

भाचा: लावतो. पण लाडवाला फेणीसारखा भाव येणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. आणि फूल उरेल.

आत्या: उरू दे. गोदामात उरलेलं फूल म्हणजे बाईच्या हातातला भाव. व्यापारी मग तिच्या दारात येईल.

भाचा: आणि दोन-तीन वर्षांनी तिनेच म्हटलं की आता गाळू या, बाहेर विकू या, तर? आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ पासून दारूवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा हक्क ग्रामसभेला दिलेला आहे. तू म्हणतेस गाव ठरवेल. गावाने हो म्हटलं तर तू आडवी येशील?

आत्या: गडचिरोलीत येईन. जिल्ह्याची बंदी एका गावासाठी उघडली की ती उघडलीच. चंद्रपुरात, राजुरा-जिवतीकडच्या पेसा गावांत... तिथे बंदी तर तशीही उठलीय, देशी दारूची दुकानं आहेतच. तिथे बायकांनी वेगळी सभा घेऊन ठरवलं, गावात एक थेंब विकायचा नाही असं ठरवलं, दर वर्षी पुन्हा विचारायचं आणि नको म्हटलं की भट्टी थंड करायची असं ठरवलं, तर मी आडवी येणार नाही. मला आवडणार नाही. पण येणार नाही.

भाचा: मी लिहून देतो, गावात विकणार नाही.

आत्या: तू लिहून काय होणार? तू पगारी माणूस. ग्रामसभेच्या वहीत लिहिलं पाहिजे, बायकांच्या सह्या-अंगठ्यांनी. आणि सभा फेब्रुवारीत लाव. एकदा फूल पडायला लागलं की साऱ्या बाया पहाटेपासून रानात असतात, सभेला पुरुषच येतील आणि ठराव त्यांचाच होईल.